उन्हाळा आणि शेजारधर्म

चैत्र सरत आला म्हणजे आमच्या देशावरील लहान गांवांस एक निराळीच कळा येते. शेतें उघडीं पडलेलीं असतात, नांगरट आटोपत आलेली असते, आणि रोहिणीचें नक्षत्र लागेपर्यंत शेतकऱ्यास म्हणण्यासारखें काम नसतें. दुपारीं पेठेंत कुत्रेंही फिरकत नाहीं. परंतु ऊन कललें आणि लिंबाची सावली रस्त्याच्या मध्यापर्यंत पोहोंचली, कीं त्याच गांवास जाग येते. अंगणांत पाण्याचा सडा पडतो, तापलेल्या मातीचा वास उठतो, बाजा बाहेर निघतात, आणि ज्या घरांत दिवसभर कोणी आहे कीं नाहीं अशी शंका यावी त्या घरांतून म्हातारीं माणसें, मुलें, माहेरवाशिणी अशीं दहा-पंधरा जणें निघून उंबऱ्यावर येऊन बसतात.

या दिवसांची गोडी ज्यानें लहानपणीं चाखली आहे त्यास ती विसरतां येत नाहीं. शाळेची सुटी, आढींत पिकत घातलेल्या आंब्यांचा घरभर दरवळ, लग्नांचे मांडव, मामाच्या गांवची वाट, आणि वाळवणें. या वाळवणांविषयीं थोडें अधिक लिहिलें पाहिजे. कुरडया करावयाच्या तर गहूं तीन दिवस भिजत घालावयाचे, रोज पाणी बदलावयाचें, मग ते वाटून, पिळून, गाळून चीक निवूं द्यावयाचा, पहांटे अंधारांतच तो चुलीवर घाटावयाचा, आणि ऊन चढण्यापूर्वीं सोऱ्यानें धोतरावर कुरडया घालून मोकळें व्हावयाचें. हें एकट्या बाईचें काम नव्हे. म्हणून आज एका घरीं, उद्यां दुसऱ्या घरीं, अशी सारी आळी फिरते. पापड असले म्हणजे प्रत्येकजण आपलें पोळपाट-लाटणें काखेस मारून येते. मुलांनीं कावळे हांकावयाचे व त्याबद्दल वाटीभर चीक दूध-साखर घालून खावयाचा, हा जुना करार आहे. गांवांतील निम्मीं भांडणें या पापडांच्या लाट्यांपाशीं मिटतात, व उरलेलीं निम्मीं तेथेंच सुरू होतात, असें आमचें निरीक्षण आहे.

परंतु अलीकडे कोठेंही चार वयस्क माणसें एकत्र आलीं कीं एक तक्रार हटकून ऐकूं येते: 'पूर्वींची माणुसकी राहिली नाहीं.' घरोघर पंखे आले, कांहीं घरीं कूलर आले. नळ घरांत आला. दूरदर्शन आलें, आणि त्याच्या मागून प्रत्येकाच्या हातांत फोन आला. कुरडया व पापड बचत गटाकडून किलोच्या भावानें विकत मिळतात. अंगणांत फरशी बसली आणि दार लागलें. ही तक्रार आम्हींही अनेक वेळां केली आहे, आणि खरें सांगावयाचें तर ती करतांना आम्हांस एक प्रकारचें समाधान वाटलें आहे. जुन्या काळाची स्तुति करणाऱ्यास त्या काळच्या चांगुलपणाचा थोडासा वांटा आपोआपच मिळतो.

तरी ही तक्रार कितपत खरी, याचा एकदां नीट विचार व्हावा असें आम्हांस वाटतें. सन २००५ च्या पुढील कांहीं वर्षें ज्यांस आठवत असतील, त्यांस भारनियमनाची आठवण असेलच. ऐन उन्हाळ्यांत संध्याकाळीं वीज जाई, आणि पंखा थांबतांच सगळी आळी पुन्हां अंगणांत येई. पंख्यापूर्वींचे दिवस जणूं परत आले, असें वाटे. कोणी विंचवाच्या गोष्टी सांगे, कोणी लग्नें जुळवी, पोरें आट्यापाट्या खेळत. मग एकाएकीं दिवे लागत. साऱ्या गांवांतून मुलांचा एकच हर्षाचा आरोळा उठे, आणि दोन मिनिटांत अंगणें ओस पडत. बोलणाऱ्याचें वाक्यही पुरें होत नसे. हें आम्हीं एकदां नव्हे, शेंकडों वेळां पाहिलें आहे, व त्या धांवणाऱ्यांत आम्हीही होतों. मग प्रश्न असा येतो कीं अंगणांत बसणारीं माणसें एकमेकांसाठीं बाहेर येत होतीं, कीं केवळ वाऱ्यासाठीं? आणि जर वाऱ्यासाठींच येत होतीं, तर ज्यास आपण माणुसकी म्हणून इतका मान देतों, ती केवळ उकाड्याची करणी होती काय?

आमच्या आळींत एक आजी आहेत. वय ऐंशीच्या पुढें गेलें आहे, दृष्टि मंद झाली आहे, पण जीभ शाबूत आहे. त्यांच्यापुढें आम्हीं एकदां हेंच गाऱ्हाणें मांडलें. त्या हंसल्या व म्हणाल्या, "मास्तर, तुमी लई गोड बोलतां. घरांत जीव उकडायचा म्हणून आमी भाईर बसत होतों. तवा पंखा आसता तर आमीबी आंतच निजलों आसतों. त्यांत माणुसकी कसली आलीया?"

हें उत्तर आमच्या मनांत बरेच दिवस घोळत राहिलें. तें निम्में खरें आहे असें आम्हांस वाटतें, आणि निम्में नाहीं. एखादी गोष्ट गरजेपोटीं जन्मली एवढ्यावरून ती खोटी ठरत नाहीं. लेंकरूं आईकडे प्रथम दुधासाठींच जातें. पुढें तें दूध सोडतें, आईस सोडीत नाहीं. आमच्या खेड्यांतील इर्जिक घ्या. एखाद्याचे बैल मेले किंवा घरचा कर्ता आजारी पडला, तर गांवचे लोक आपापलीं औतें घेऊन एका दिवसांत त्याचें रान नांगरून देत, आणि त्यानें त्यांस पोटभर जेवण घालावें एवढीच मजुरी. सावडीचेंही तसेंच; आज तूं माझ्या रानांत ये, उद्यां मी तुझ्या रानांत येईन. यांत हिशेब नव्हता असें कोण म्हणेल? हिशेब होता, आणि चांगला चोख होता. पण वर्षानुवर्षें एकमेकांच्या रानांत घाम गाळला म्हणजे हिशेबाच्या पलीकडचें कांहींतरी उत्पन्न होतें. ग्रीक तत्त्ववेत्ता अरिस्टॉटल यानें मैत्रीचे प्रकार करतांना उपयोगासाठीं जडलेली मैत्री सर्वांत खालीं ठेविली आहे, कारण उपयोग संपला कीं ती संपते. परंतु सद्गुण हे करून करूनच अंगीं येतात, असेंही त्यानेंच लिहून ठेविलें आहे. आमच्या अल्प बुद्धीस वाटतें कीं अंगणांतील बैठक ही अशीच एक शाळा होती. कोणी शिकावयाच्या हेतूनें तेथें आलें नाहीं, तरी कित्येकांस तेथें दुसऱ्याचें ऐकून घेण्याची संवय लागली.

मात्र या शाळेचा धडा किती टिकतो याविषयीं आजींची दुसरी एक आठवण सांगितली पाहिजे. सन १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्राच्या मोठ्या भागांतील पिकें गेलीं, आणि सरकारनें ठिकठिकाणीं रस्त्यांचीं, पाझर तलावांचीं व खडी फोडण्याचीं कामें काढलीं. ज्या घरच्या स्त्रिया मजुरीस कधीं उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या, त्याही डोक्यावरून पदर ओढून आजींच्या शेजारीं खडी फोडावयास बसल्या. सुकडी सर्वांस सारखीच मिळे, आणि तांबडा मिलो सर्वांच्याच चुलीवर शिजे. "त्या उन्हाळ्यांत," आजी म्हणाल्या, "एका मोठ्या घरची सून आन मी एका बाभळीखालीं भाकर खात होतों. माझ्या गाडग्यातलं पाणी ती प्याली."

"मग पुढें?" आम्हीं विचारलें.

"पुढं काय, पाऊस आला."

यापुढें त्यांनीं कांहीं सांगितलें नाहीं.

आजींच्या बोलण्याचा पूर्ण अर्थ समजण्यास त्यांचें बालपण ठाऊक असावें लागतें. त्या महारवाड्यांत वाढल्या. गांवांत वाळवणें होत, अंगणांत बाजा निघत, पारावर रात्रीं गोष्टी रंगत, आणि हें सर्व त्या वेशीपलीकडून पाहात. विहिरीवर त्यांनीं घागर घेऊन दूर उभें राहावयाचें, आणि कोणा बाईस दया आली तर तिनें वरून पाणी ओतावयाचें. कधीं तासभर, कधीं दोन तास. तहान लागलेली, डोक्यावर ऊन, आणि दहा हातांवर भरलेली विहीर. योहानाच्या शुभवर्तमानांतील शोमरोनी स्त्री भर दुपारीं एकटीच पाण्यास कां आली असेल, याचें स्पष्टीकरण आजींस कोणा पंडितानें करून सांगावें लागलें नाहीं.

कोणी म्हणेल, हे एका गांवचे दोष आहेत. तसें नाहीं. कोंकणांतील महाडचें उदाहरण सर्वांस माहीत आहे, परंतु त्यांतील कांहीं गोष्टी पुन्हां आठवण्यासारख्या आहेत. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलांत सन १९२३ मध्यें मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनें सन १९२४ मध्यें चवदार तळें सर्वांस खुलें असल्याचें ठरविलें. पण ठराव कागदावर राहिला. सन १९२७ च्या मार्च महिन्यांत, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडींच, डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखालीं तेथें परिषद भरली, तेव्हां जमलेल्या लोकांस पिण्यासाठीं चाळीस रुपयांचें पाणी विकत घ्यावें लागलें. तळें समोर होतें. त्यांतील पाणी परधर्मीय लोक भरीत, गुरेंढोरें पीत. ता. २० मार्च रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांच्या मागून परिषदेची मंडळी तळ्यावर गेली व त्यांनीं ओंजळीनें पाणी प्यालें. त्यानंतर गांवांत मारहाण झाली, तळ्याची पंचगव्यानें शुद्धि करण्यांत आली, आणि ऑगस्टमध्यें नगरपालिकेनें आपला ठरावच मागें घेतला. प्रकरण न्यायालयांत गेलें. अस्पृश्यांस बंदी ही अनादि रूढि आहे, हा सवर्णांचा दावा मुंबईच्या हायकोर्टास पटला नाहीं, ता. १७ मार्च १९३७ रोजीं निकाल आंबेडकरांच्या बाजूनें लागला. ओंजळभर पाण्यास दहा वर्षें लागलीं.

ज्यांनीं महाडांत काठ्या उगारल्या, ते घरीं क्रूर होते असें मानण्यास आम्हांस आधार नाहीं. बहुधा त्यांच्याही अंगणांत संध्याकाळीं सडा पडत असेल, शेजारच्या मुलास आंबा दिल्यावांचून त्यांच्या मुलांस आंबा मिळत नसेल, आणि शेजारीं कोणी आजारी पडलें तर त्यांच्या बायका रात्रभर उशाशीं बसत असतील. आमच्या प्रश्नाची खरी अडचण येथें आहे. गोडवा खरा होता, शेजारधर्मही खरा होता. परंतु शेजारी कोणास म्हणावयाचें हें आधींच ठरलेलें होतें, व तें ठरविणारा विचार त्या साऱ्या गोडव्यानें तिळमात्र हलला नाहीं. किंबहुना आपसांतील माया जितकी दाट, तितकी बाहेरच्यासाठीं भिंत उंच, असेंही कित्येक ठिकाणीं दिसतें. यास्तव 'पूर्वींची माणुसकी' असे शब्द तोंडांतून काढण्यापूर्वीं, ती कोणास मिळत होती हें विचारून घेतलेलें बरें.

आणि हा दोष दुसऱ्यांवर टाकून आपण मोकळे होऊं नये. आमच्या मंडळ्यांतही कोण कोणाच्या ओट्यावर बसतो, कोणाच्या घरचें लग्न सर्वांचें व कोणाच्या घरचें फक्त त्याच्या भाऊबंदांचें, सुटींत मुंबई-पुण्याहून आलेल्या नोकरदारांच्या बाजेवर कोणास जागा मिळते आणि कोणास उभ्यानेंच बोलून जावें लागतें, हें आमच्या वाचकांस आम्हांपेक्षां अधिक ठाऊक आहे.

पुन्हां मूळ मुद्यावर येतों. गरज माणसांस जवळ आणते हें खरें, पण ती नेहमींच जवळ आणते असेंही नाहीं. सन २०१६ च्या उन्हाळ्यांत लातूर शहरांत पाण्याचा इतका दुष्काळ पडला कीं पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणें होऊं नयेत म्हणून जमावबंदीचा हुकूम काढावा लागला, आणि एप्रिलांत मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणलें गेलें. ज्या पाणवठ्यावर गांवें एकत्र येत, तेथेंच पांचांपेक्षां अधिक माणसांनीं जमूं नये असें सरकारास सांगावें लागलें. गरज तीच; एका ठिकाणीं तिनें एका गाडग्यांतून पाणी पाजलें, दुसऱ्या ठिकाणीं हंड्यावर हंडा आपटला.

नगर (आतांचें अहिल्यानगर) शहराजवळील हिवरे बाजार या गांवाचें नांव आमच्या बहुतेक वाचकांनीं ऐकलें असेल. तें गांवही दुष्काळानें पोळलेलें, पोट भरण्यासाठीं माणसें बाहेर गेलेलीं. सन १९९० च्या सुमारास पोपटराव पवार हे तेथें सरपंच झाले, आणि पुढील वर्षांत गांवानें बंधारे घातले, झाडें लावलीं. याचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. आमचें लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीकडे वेधलें. हे लोक दरवर्षीं पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात. पिण्यास किती, गुरांस किती, आणि मग उरलें त्यांत कोणतें पीक. शेतीसाठीं कूपनलिका घ्यावयाची नाहीं, ऊंस लावावयाचा नाहीं, असे नियम त्यांनीं आपणांवर घालून घेतले. हें दुष्काळांत केलें असतें तर त्यांत नवल नव्हतें. पण पाऊस चांगला झाला त्या वर्षींही तो हिशेब मांडला जातो. ज्याच्या विहिरीस पाणी आहे त्यानें, ज्याच्या विहिरीस कदाचित् पुढच्या वर्षीं राहणार नाहीं त्याच्यासाठीं, आज हात आंखडावयाचा. तें गांव म्हणजे स्वर्ग आहे असें आम्ही म्हणत नाहीं. माणसें तेथेंही आपणांसारखींच असतील. परंतु आजींच्या 'पाऊस आला' या उत्तरास प्रत्युत्तर म्हणून आमच्याजवळ हें एक गांव आहे.

कोणीं असें समजूं नये कीं आम्हांस पंखे नकोत. बाळंतिणीस व आजाऱ्यास पंख्यानें किती सुख दिलें आहे हें आम्ही जाणतों, आणि विजेविना काढलेल्या ज्येष्ठांतील रात्रींचें गुणगान ती रात्र ज्यास पुन्हां काढावयाची नाहीं त्यानेंच करावें. शिवाय आतांचा उन्हाळा पूर्वींचा राहिलेला नाहीं. उष्णतेच्या लाटा वाढल्या आहेत, आणि उष्माघातानें माणसें दगावल्याच्या वार्ता दरवर्षीं येतात. पूर्वीं गरज सर्वांची सारखी होती, म्हणून बाहेर येणें सोपें होतें. आतां गरज कांहींचीच उरली आहे: वीटभट्टीवर राबणाऱ्या कुटुंबाची, पत्र्याच्या खोलींत एकट्या राहणाऱ्या विधवेची, ज्याचें वीजबिल थकून मीटर काढून नेलें त्याची. ज्याच्या घरांत गारवा आहे त्यास उकाडा आतां बाहेर ढकलीत नाहीं. त्यानें दार उघडलें तर तें आपल्याच मनानें उघडावें लागतें. आणि दार बंद असल्यामुळें शेजारीं कोणी दुपारपासून उठलें नाहीं, हें संध्याकाळपर्यंत कळतही नाहीं. आळींतील असें एखादें घर दुपारीं तीनच्या सुमारास हांक मारून यावयाचें म्हटलें, तर चपला घालण्याचा जो कंटाळा येतो, तो आम्हांस चांगला परिचयाचा आहे.

आतां आजींविषयीं राहिलेलें थोडें लिहितों. त्यांच्या घरासमोर रस्त्याच्या कडेस लिंबाचें झाड आहे. त्याखालीं त्या दर उन्हाळ्यांत एक रांजण ठेवितात, त्यास ओलें फडकें गुंडाळतात, व वर पत्र्याचें झांकण आणि लांब दांड्याचें ओगराळें ठेवितात. पहांटे नळ आला कीं प्रथम तो रांजण भरतो, मग घरचे हंडे. बाजारच्या दिवशीं दोनदां भरावा लागतो. पेठेंतील दुकानांत थंड पाण्याच्या बाटल्या मिळूं लागल्यापासून आतां कोण पितें म्हणून सून कुरकुरते. आम्हींही एकदां विचारलें, "आजी, दिवसभरांत कितीजण येतात?" त्या म्हणाल्या, "मला कुठं दिसतंय, मास्तर? ओगराळं वाजलं कीं कळतंय कोन तरी आलं. कोन हाय तें नाय कळत. बरंच हाय."

गेल्या वैशाखांत तो रांजण एका रात्रीं तडकला. आजी दोन दिवस हळहळल्या. तिसऱ्या दिवशीं सकाळीं लिंबाखालीं दुसरा रांजण होता, नवा, कोरा, पाण्यानें भरलेला. कोणीं ठेविला तें आळींत कोणी सांगत नाहीं. आजींनीं विचारलेंही नाहीं. फडकें ओलें करून त्यास गुंडाळलें, आणि झांकण होतें तेथेंच ठेवून दिलें.